निरंक

आमच्या घरात फॉर्म आई भरते. माझा शाळाप्रवेश, रेशनकार्डातला बदल, गॅसचं कनेक्शन, बाबा गेल्यावर त्यांच्या दाखल्यासाठीचा अर्ज, सगळं तिच्या अक्षरात. मी नर्सिंगची पदवी घेतली, हरसूलच्या पुढच्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून चार वर्षं काढली, तरी माझ्या हातात कोरा फॉर्म दिसला की ती चष्मा शोधायला लागते. "आण इकडं. तुझं अक्षर तुला तरी लागतं का?" आणि मी निमूट देते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो घोळ झाला त्यात तिची चूक किती आणि माझी किती, यावर आमचं अजून एकमत नाही.

आई निवृत्त नर्सबाई. मोठ्या दवाखान्यातली नव्हे, उपकेंद्रातली, पाड्यापाड्यांवर चालत जाणारी. पेठच्या बाजूला तिची सगळी नोकरी झाली. तिकडची जुनी माणसं अजून तिला नुसतं 'बाई' म्हणतात. त्या नोकरीने तिला दोन गोष्टी दिल्या. एक गुडघेदुखी, आणि दुसरी रकाना रिकामा न सोडण्याची सवय. रजिस्टरमध्ये आकडा असेल तर आकडा लिहायचा, नसेल तर 'निरंक' लिहायचं. बाळंतपणं? निरंक. गोवर? निरंक. रिकामा रकाना दिसला की तपासणीला आलेला साहेब एकच अर्थ काढतो, बाई त्या पाड्यावर गेलीच नाही. ही सवय तिच्यात इतकी मुरलीय की वाणसामानाच्या छापील यादीत रवा नको असेल तर ती रव्यापुढेही निरंक लिहिते. आमच्या कॉलनीतला दुकानदार आता त्यावर काही बोलत नाही.

पण निरंक लिहिण्याचाही तिचा कडक नियम आहे. निरंक म्हणजे जाऊन, बघून, विचारून, मग नाही. तिची नोकरी नवी असताना शेजारच्या उपकेंद्रातल्या एका बाईने ओढ्यापलीकडच्या पाड्यावर न जाताच बालमृत्यूच्या रकान्यात निरंक लिहिलं होतं. त्या पाड्यावर त्या महिन्यात एक मूल गेलं होतं. आईला ते नंतर बाजारात त्या मुलाच्या आईकडून कळलं. हा प्रसंग मी इतक्यांदा ऐकलाय की मला त्या बाजाराचा वासही येतो. शेवटी ती नेहमी म्हणते, "रिकामं सोडलं तर कामचुकार म्हणतील. खोटं निरंक लिहिलं तर ते पोर कधी नव्हतंच असं होतं." आपण आयुष्यात एकही खोटं निरंक लिहिलं नाही, हे ती कोणी न विचारता पाहुण्यांनाही सांगते.

तर मला सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर पदवी घ्यायची होती. कारण साधं होतं. दर महिन्याअखेर मी आकडे वर पाठवत होते आणि वरून कधी काही परत येत नव्हतं. यायचा तो एकच मेसेज, अमुक रकाना रिकामा का. आमच्या पाड्यांवरची माणसं भात झोडून झाला की द्राक्षाच्या कामाला पिंपळगाव बसवंतकडे जातात. पोरंही बरोबर जातात. माझ्या वजनाच्या रजिस्टरमधून ती पोरं चार-पाच महिने नाहीशी होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात ती बारीक होऊन. मधल्या काळात ती ना माझ्या रजिस्टरात असतात ना तिकडच्या. मी हे तीन वर्षं वर लिहून पाठवलं. तीन वर्षं उत्तर आलं, 'नोंद घेतली'. मला आता हे नीट मांडायला शिकायचं होतं, म्हणजे कोणाला 'नोंद घेतली' म्हणून सुटता येणार नाही.

विदर्भात एक कॉलेज होतं. तिथले विद्यार्थी दर आठवड्याला खेड्यात राहायला जातात, आणि तिथल्या एका प्राध्यापक बाईंनी माझ्या ईमेलला चक्क उत्तर पाठवलं होतं. पोरांच्या वजनाचे आकडे महिन्यांप्रमाणे लावून पाठवा, म्हणाल्या. मी पाठवले. त्यांनी त्यावर सहा प्रश्न विचारले. नोकरीत लागल्यापासून माझ्या आकड्यांना कोणी पहिल्यांदाच प्रश्न विचारत होतं. मी त्याच दिवशी ठरवलं, गेले तर तिथेच.

पण कॉलेज निवडणं ही आपल्याकडे एकट्याने करायची गोष्ट नाही. मी तोंड उघडायचा अवकाश, सगळ्यांना मत फुटलं. मामाने विचारलं, "नावापुढे डॉक्टर लागणार का?" नाही म्हटल्यावर त्याचा रसच संपला. विहारातल्या एका काकूंना वाटलं मी धुराच्या मशीनचा कोर्स करतेय, त्यांच्या गल्लीत डास फार झालेत हेही त्यांनी लगेच सांगून घेतलं. शेजारच्या ताईंनी मेसची चौकशी केली. आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर तर फारच कळकळीने बोलले. "कशाला लांब जाताय? इथं हायवेला नवीन कॉलेज निघालंय, काचेचं. हजेरीला कोणी विचारत नाही. नोकरी सांभाळून डिग्री हातात." ते कॉलेज मी बघून आले होते. ग्रंथालयाला कुलूप होतं आणि फील्डवर्क कुठे करतात असं विचारल्यावर तिथल्या बाईंनी मला मागची बाग दाखवली.

उपकेंद्रातली आशाताई तेवढी मुद्द्याचं बोलली. "मॅडम, तिथं बी आपल्यावानीच पाडे हायेत का?"

"आहेत."

"मग जा. पर परत या. नाय तर तुमच्या जागेवर नवी येईल, तिला घरं दाखवण्यातच माझं वरीस जाईल."

या सगळ्यात आई काही बोलली नाही. तिने फक्त एकदा भाजी निवडताना विचारलं, "किती तास लागतात?" मी सांगितलं, बारा-तेरा, गाडी वेळेवर असेल तर. ती बरं म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

आणखी एक गोष्ट. सेवेतून शिकायला जायचं तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते मिळवायला मला दोन वर्षं लागली होती, आणि देताना जिल्ह्याच्या ऑफिसातल्या क्लार्कने तोंडावर सांगितलं होतं की हे यंदापुरतंच, पुढच्या वर्षी मागायला येऊ नका. म्हणजे यंदा विदर्भ, नाहीतर कधीच नाही.

प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन होता. पसंतीक्रमाच्या आठ ओळी. मी पहिल्या ओळीत विदर्भातलं कॉलेज टाकलं, दुसरीत पुण्याकडचं एक, आणि बाकी सहा रिकाम्या ठेवल्या, कारण बाकी कुठे मला जायचंच नव्हतं. फॉर्म सेव्ह केला, सबमिट करायचा बाकी होता. मोबाईल नंबर आईचा दिला होता. आमच्या घरातल्या प्रत्येक फॉर्मवर आईचाच नंबर असतो, कारण मी अर्धा दिवस रेंजच्या बाहेर असते. इथपर्यंत मी किती शहाणपणाने वागले असं मला वाटत होतं.

शेवटच्या दिवशी ऐनवेळी लसीकरणाचं सत्र लागलं, घाटाखालच्या पाड्यावर. तिथे रेंज एकाच खडकावर येते. दुपारी मी त्या खडकावर उभी राहून आईला फोन लावला. "लॅपटॉप उघड. फॉर्म भरलेला आहे. फक्त सबमिट दाब, तुझ्या मोबाईलवर ओटीपी येईल तो टाक. दुसऱ्या कशाला हात लावू नको."

"बरं," आई म्हणाली.

मी खाली येऊन पोरांना लस द्यायला बसले. संध्याकाळी बस हरसूलला आली तेव्हा आईचा मेसेज दिसला. 'झाले.' मी आशाताईला स्टँडवरचा वडा खाऊ घातला.

दहा दिवसांनी यादी लागली. मला हायवेवरचं काचेचं कॉलेज मिळालं होतं. वर लिहिलं होतं, 'उमेदवारास पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्याबद्दल अभिनंदन. सदर उमेदवार पुढील फेरीस पात्र नाही.' मी तीनदा वाचलं. मग माझा भरलेला फॉर्म उघडला. आठच्या आठ ओळी भरलेल्या. एक नंबरला काचेचं कॉलेज. मग नाशिकचंच आणखी एक, मग नगर, मग संभाजीनगर, मग पुणे, असं करत करत आठव्या ओळीत, सगळ्यांच्या तळाशी, विदर्भ.

आई गॅसजवळ होती. मी लॅपटॉप तसाच तिच्यापुढे धरला. "हे काय आहे?"

तिने चष्मा लावून वाचलं. "लाल अक्षरात आलं होतं. सहा पसंतीक्रम रिकामे आहेत, पुढे जायचे का. रिकामं कसं सोडायचं? तपासणीला पहिलं तेच बघतात."

"कोण येणार होतं तपासणीला? आणि भरायचंच होतं तर खाली भरायचं. माझं वरचं खाली का नेलंस?"

"यादी जवळून लांब लिहितात. फिरतीचे पाडे तसेच लिहितात. जवळचा आधी."

मी कपाळावर हात मारून घेतला. ही ती बाई, जिने एकदा तालुक्याच्या साहेबाला त्याच्याच तक्त्यातली बेरीज चुकल्याचं भर मीटिंगमध्ये दाखवलं होतं. पसंतीक्रम म्हणजे काय हे तिला कळत नाही, असं ती मला सांगत होती. मी संतापले. रिकाम्या ओळी भरल्यास ते एक वेळ समजू शकते, म्हणाले, पण क्रम बदललास तो फिरतीच्या सवयीने नाही. तुला मला जाऊ द्यायचं नव्हतं, तर तसं तोंडाने सांगायचं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तिने गॅस बंद केला, आणि गुडघा धरून खुर्चीत बसली. मला तिचा गुडघाही त्या क्षणी नाटकी वाटला. तसं वाटल्याची मला आता लाज वाटते, पण तेव्हा वाटलं हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून सुविधा केंद्रावर गेले. नाव सुविधा, पण बसायला एक बाक, आणि त्यावर आधीच पाच माणसं. खिडकीतल्या क्लार्कला मी सगळं सांगितलं.

"ओटीपी कोणाच्या मोबाईलवर गेला?"

"आईच्या."

"नंबर तिचा कोणी दिला?"

"मी."

"मग फॉर्म तुम्हीच भरला."

"माझ्या आईने क्रम बदलला हो."

"मॅडम, नियमात आईचा रकाना नाही." मग त्याला माझी दया आली असावी. तो म्हणाला, एक वाट आहे. मिळालेला प्रवेश रद्द करायचा. मग रिक्त जागांची शेवटची फेरी होते, ती कागदावर. विदर्भातल्या कॉलेजात एक जागा सध्या रिकामी दिसतेय, पण मिळेलच असं नाही. नाही मिळाली तर हेही गेलं आणि तेही. "विचार करा," म्हणाला आणि मागे उभ्या माणसाला बोलवलं.

मी विचार केला तो फक्त बसस्टॉपपर्यंत. परत जाऊन रद्द करण्याच्या अर्जावर सही केली आणि रिक्त जागांच्या फेरीचा कोरा फॉर्म घेतला. चार पानी, पसंतीक्रमाच्या पाच ओळी, वसतिगृहाची माहिती, कौटुंबिक माहिती, सगळं एकाच गठ्ठ्यात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायचा.

घरी आले. आईशी चोवीस तासांत मी जेमतेम चार वाक्यं बोलले असेन. टेबलापाशी बसून मी पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्याच पानावर तालुक्याच्या जागी जिल्हा लिहिला. खोडलं. मग खोडलेल्यावर लिहिलं. माझा हात रागाने असा चालत होता की अक्षर मलाच लागेना. आई समोर येऊन उभी राहिली. चष्मा आधीच लावलेला होता.

"आण इकडं," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. कुठल्याही शहाण्या माणसाने दिला नसता. मी फॉर्म तिच्यापुढे असा सरकवला की तो टेबलावरून पडता पडता राहिला. "घे. आता पुण्याचं वर टाक नाहीतर काचेचं टाक. मला काय."

ती बसली. पांढरी शाई घेऊन तिने माझी खाडाखोड झाकली, फुंकर घातली, वाळू दिली. मग खाली बघतच म्हणाली, "जवळचं वर लिहिताना हात थांबला होता माझा. तुझं एक नंबरला दिसत होतं मला. दिसत होतं, तरी लिहिलं."

मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल, कारण भांडणात माझंच खरं निघालं होतं. बरं काही वाटलं नाही. मी उठून गच्चीवर दोरीवरचे कपडे काढायला गेले आणि कितीतरी वेळ उगाच त्यांच्या घड्या घालत बसले. तिची सकाळची इन्सुलिनची सुई मी देते, कारण तिला पोटावर स्वतः टोचता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना टोचलेल्या बाईला ते जमत नाही. बाथरूममधून उठताना तिला हात लागतो. हे सगळं मला ठाऊक होतं. पण विदर्भाचा विचार करताना मी या गोष्टी मनात एका बाजूला सारून ठेवल्या होत्या, आणि तिनेही त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता.

मी खाली आले तेव्हा फॉर्म भरून झाला होता, कागदपत्रं क्रमाने लावून टाचणी मारलेली. "वाचून घे," ती म्हणाली. मी नाही वाचला. रागातला शेवटचा तुकडा अजून उरला होता. तसाच पिशवीत टाकला.

ती जागा मला मिळाली, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे त्याची उत्सुकता लागायला नको. मला सांगायचंय ते खिडकीपाशी झालेलं.

क्लार्कने फॉर्म घेतला आणि पानं उलटायला लागला. पसंतीक्रमाच्या पानावर थांबून हसला. "हे कोणी लिहिलं?" मी वाकून बघितलं. पहिल्या ओळीत विदर्भातलं कॉलेज, पूर्ण नाव, गाव, जिल्हा, पिनकोडसकट. त्याखालच्या चार ओळींत त्याच गोल, सरळ अक्षरात चार वेळा निरंक. यादी लागल्यापासून पहिल्यांदा मला हसू आलं. घरी जाऊन तिला सांगायचं ठरवलं, की तुझं निरंक बघून क्लार्क हसला.

त्याने पान उलटलं. कौटुंबिक माहिती. वडील, हयात नाहीत. आई, निवृत्त. तो बोट ठेवत खाली आला आणि एका ओळीवर थांबला. 'उमेदवारावर अवलंबून असलेल्या व्यक्ती.' माझ्या नोकरीचं कंत्राट दरवर्षी नवं होतं, आणि दरवर्षीच्या त्या फॉर्ममध्ये हीच ओळ असते. बाबा गेल्यापासून आई त्या ओळीत स्वतःच्या हाताने लिहीत आलीय, 'एक. आई.' आणि पुढे स्वतःचं वय.

या वेळी तिथे निरंक लिहिलं होतं.

"घरी अवलंबून कोणी नाही?" क्लार्कने विचारलं. "नीट बघा. सही केल्यावर बदलता येत नाही."

मी त्या अक्षराकडे बघत राहिले. हात कुठे थांबल्याची खूण नव्हती. मागचे लोक पुढे सरकत होते.

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि खाली सही केली.